इंगळेबाईंनी पाहिलेला बोर्ड

अमरावतीत त्या काळी कॅरम विकत घ्यायचा म्हणजे थेट दुकानात जायचं नसे. आधी इंगळेबाईंकडे जायचं. त्या "पाहू" म्हणाल्या, की मग दुकान. एखाद्याच्या घरी नवा बोर्ड दिसला तर आलेला पाहुणा तो कुठला, केवढ्याचा, असलं काही विचारत नसे. "बाईंनी पाहिलाय का?" एवढंच विचारी. पाहिला असेल तर यजमानाची मान ताठ. नसेल तर तो बिचारा, "नाही, पण तसा बरा आहे," असं काहीतरी पुटपुटे आणि विषय बदले.

इंगळेबाई आमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी मराठी शिकवायची. लग्न होऊन मी पुण्याकडून अमरावतीला आले तेव्हा तिथल्या बोलण्याची मला धास्तीच वाटायची. शिक्षकखोलीत पहिल्याच दिवशी एक उंच, रुंद खांद्यांच्या, जाड काचांचा चष्मा लावलेल्या बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काहून वं, कॅरम येते का?"

"काहून" म्हणजे "का", हे मला नंतर कळलं; कॅरम तेवढं कळलं. मी नाही म्हटलं.

"मंग काय करता दिवसभर?" त्या खरंच नवल वाटून म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली असे. फळ्यावरून हात निघाला की वऱ्हाडी; मग तिथल्या बायकांसारखं "मी जाते"चं "मी जातो" व्हायचं. उजव्या हाताच्या बोटांना खडू लागलेला नसायचा कधी; लिहायच्या त्या डाव्या हातानं. उजवा हात खेळासाठी राखलेला आहे असं मुली म्हणत आणि बाईंनी ते कधी नाकारलं नाही. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला एक हस्तिदंती स्ट्रायकर असे, वापरून वापरून लोण्याच्या रंगाचा झालेला. स्टाफ मीटिंग लांबली की तो बाहेर निघायचा आणि टेबलावर त्यांच्या बोटाखाली गोल फिरत राहायचा. मुख्याध्यापिकाबाईंना त्याचा आवाज आला की त्या बोलणं आवरतं घ्यायच्या.

माहेर भातकुलीकडचं. वडील मजुरीसाठी अकोल्याला कापसातली सरकी काढायच्या एका जिनात आले आणि बाईंचं लहानपण तिथल्या मजुरांच्या चाळीत गेलं. कपाशीचा हंगाम संपला की जिन बंद पडायचं. मग मजुरांनी खोक्याच्या फळ्या ठोकून केलेल्या बोर्डावर दिवसभर डाव चालायचे. सोंगट्या लाकडी दांड्याच्या चकत्या कापून केलेल्या. लहानगी सुलोचना गुणांच्या बेरजेत पटाईत म्हणून तिला आधी नुसतं बाजूला बसवत. मग एकदा गडी कमी पडला म्हणून खेळायला घेतलं, आणि नंतर तिला उठवणं कोणाला जमलं नाही. पुढे वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, बी.ए., बी.टी. छप्पन साली घरातल्या सगळ्यांबरोबर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. यजमान गुलाबराव बडनेऱ्याला रेल्वेत होते. शांत माणूस. बायको खेळायला बसली की चहा ठेवायचे आणि तो निवून गेला की पुन्हा ठेवायचे.

आमच्या शिक्षकखोलीत पाण्याचा माठ होता. त्या माठाला बाईंनी हात लावला की दोघी-तिघींच्या कपाळावर आठी यायची. तोंडानं कोणी काही म्हणत नसे. बाई रोज मधल्या सुट्टीत सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, "आज पानी थंड हाय बाप्पा!" म्हणत ओगराळं बुडवायच्या आणि उभ्याउभ्या पेला रिकामा करायच्या. वर्षभरात त्या आठ्या थकल्या.

रविवारी दुपारी शहरातल्या क्लबात वकील, डॉक्टर, कॉलेजातले प्राध्यापक असे पक्के कॅरमवेडे जमायचे. बायकांना तिथे मज्जाव नव्हता, कारण कोणी बाई तिथे येईल असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाई गेल्या आणि क्लबाचा जो अव्वल खेळाडू होता त्याला हरवून आल्या. तेव्हापासून त्यांची खुर्ची ठरून गेली. ही मंडळी जो बोर्ड वापरतील तोच गाव वापरणार, अशी रीत आपसूकच पडली. त्यातही वकीलसाहेबांना विचारायला जायचं म्हणजे कोट घालून जावं लागे. बाई काय, बाजारात मेथीची जुडी घेतानाही भेटत.

आमच्या घरीही कॅरम आला तो असाच. वासंती, माझी मुलगी, तेव्हा दुसरीत होती आणि तिनं हट्ट धरला होता. ह्यांनी दोन-तीन वेळा सांगून पाहिलं की आपण आपला घेऊन येऊ, पण शाळेत मला तोंड दाखवायचं होतं. एका संध्याकाळी बाईंना घेऊन आम्ही शंकरलालशेटच्या दुकानात गेलो. कॅरम, बॅडमिंटन, फुटबॉल, सगळं त्यांच्याकडेच मिळायचं. शेटजी गादीवरून उठले. गिऱ्हाइकासाठी शेटजी उठत नसत, बाईंसाठी उठत.

बाईंनी पर्स काखेत मारली आणि पहिला बोर्ड आडवा टाकायला सांगितला. आधी तळव्यानं पृष्ठभाग कुरवाळला. मग खाली वाकून डोळा फळीच्या पातळीवर आणला आणि दिव्याकडे पाहिलं. मग बोर्डाखाली हात घालून बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला, कलिंगड घेताना लावतात तसा. शेवटी स्ट्रायकर काढून समोरच्या पट्टीवर सोडला. तो सपकन जाऊन आपटला, परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला आणि त्यांच्या बोटाशी येऊन थांबला.

"हा घ्या," त्या म्हणाल्या.

ह्यांचं लक्ष शेजारच्या एका बोर्डाकडे होतं. मधोमध कमळ रंगवलेलं, कडा लाल. वासंतीनं तर त्याला मिठीच मारली होती. ह्यांनी चाचरत विचारलं, "आणि हा कसा आहे?"

"चित्र चांगलं हाय. भितीले टांगा."

आम्ही पहिला घेतला. जाड शिसवी पट्ट्यांचा, इतका जड की हमाल करावा लागला.

शेटजींचं बाईंशी सख्य होतं आणि भीतीही होती. बाईंनी पसंत केलेला माल सुट्टीच्या आधीच संपे आणि नापसंत केलेला पोटमाळ्यावर जाई. हे ठाऊक असून एका वर्षी त्यांनी धाडस केलं. मुंबईहून एक विक्रेता नव्या कारखान्याचे बोर्ड घेऊन आला होता. आकारानं थोडे लहान, वजनाला हलके, वरून आरशासारखं रोगण. उन्हाळ्याच्या सुट्टीला विकावेत म्हणून शेटजींनी पोटमाळा भरून माल घेतला आणि मग बाईंना दुकानात बोलावलं. थंडगार सरबत, पेढे, गादीवर लोड. विक्रेता टाय लावून उभा. ही बातमी क्लबात पोचलेलीच होती, त्यामुळे दुकानासमोर चांगली गर्दी जमली.

विक्रेत्यानं हिंदीत सुरुवात केली. मुंबईतले मोठमोठे खेळाडू हाच बोर्ड वापरतात, वगैरे. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, सरबत संपवलं, आणि स्ट्रायकर सोडला. तो गेला, समोरच्या पट्टीला लागला आणि निम्म्या वाटेवर येऊन पडला. दमलेल्या म्हाताऱ्यासारखा.

"मुंबईत समुद्र हाय," बाई म्हणाल्या. "इथी मे महिना हाय. हा बोर्ड आमच्या उन्हात पापडावानी वाकते. अन् वाकायच्या आधीबी चालत नाही."

गर्दीत हशा पिकला. विक्रेत्याचा चेहरा पडला. शेटजींनी पेढ्यांचं ताट उचलून आत ठेवलं. त्या सुट्टीत त्यांचा एकही मुंबईचा बोर्ड हलला नाही.

शाळा उघडल्यावर आठवड्यानं शेटजी फाटकाशी येऊन थांबले. "बाई, तुमच्या एका बोटानं माझं दुकान बसलं," ते म्हणाले.

"बोर्ड बसला शेटजी, दुकान काहून बसते?" बाई म्हणाल्या. "उद्या मी खोटं सांगितलं तं मंग दुकान बसल. कोनी इचारायलेच येणार नाही."

शेटजींना ते पटलं की नाही कोण जाणे. पण पुढच्या वेळेपासून ते माल घेण्याआधी बाईंना विचारू लागले.

आता हिवरखेडची गोष्ट सांगते. आमच्या शाळेच्या वसतिगृहात तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याची मुलगी होती. तिच्या वडिलांनी, भाऊसाहेबांनी, नागपुराहून कॅरम मागवला होता आणि अकोल्याच्या मित्रांना मेजवानी देऊन त्यावर डाव मांडायचा त्यांचा बेत होता. मित्र पट्टीचे खेळणारे. बोर्डाला नावं ठेवली तर शोभा होणार. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आपली जीप पाठवून बाईंना बोलावलं. सोबत म्हणून मी गेले.

घर मोठं. ओसरीवर जाजम अंथरलेलं. भाऊसाहेबांच्या आई खांबाला टेकून बसल्या होत्या. मुलीनं घरी बाईंविषयी काय सांगितलं होतं ठाऊक नाही, पण आडनाव आणि गाव म्हातारीनं नीट विचारून घेतलं. उत्तर ऐकून तिनं नातवाला हाक मारली. "तो बोर्ड बाहीर आन रे. बाई इथंच पाहातीन."

बाई जोडे काढत होत्या. तशाच थांबल्या.

"आजी, बोर्ड हालवला का त्याचा तोल जाते," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, वर्गात ऐकू जाईल एवढा. "जिथी खेळणार तिथीच पाहा लागते. आत न्यायचं नसल तं मी जातो. जीप उभीच हाय."

मी साडीच्या पदराशी चाळा करत उभी. भाऊसाहेबांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा फाटकातल्या जीपकडे. माणूस वाईट नव्हता. पण त्या क्षणी त्यांना अकोल्याचे मित्रच दिसत असावेत. "या बाई, आत या," ते म्हणाले आणि स्वतः पुढे झाले.

बाई माजघरातून सरळ आतल्या बैठकीत गेल्या आणि बोर्डासमोर मांडी घालून बसल्या. तळवा, डोळा, कान, सगळं झालं. स्ट्रायकर सोडला. मग सोंगट्या मांडायला सांगितल्या आणि भाऊसाहेबांशी एक पुरता डाव खेळल्या. तेवढ्यात चहा आला. तबकात दोन चिनी मातीच्या कपबशा आणि एक काचेचा पेला. नोकरानं पेला बाईंच्या बाजूला वळवला. बाईंनी तो पाहिला, हसल्या, हात लांब करून पलीकडची कपबशी उचलली आणि पेला माझ्याकडे सरकवला.

"मले कपातच चव लागते. तुमी घ्या लिमयेबाई, पेल्यात जास्ती येते."

मी पेल्यातून चहा प्यायले. भाऊसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दारात म्हातारी उभी होती, ती कधी आली कळलं नाही.

"चांगला हाय का?" तिनंच विचारलं.

"बोर्ड चांगला हाय आजी," बाई उठता उठता म्हणाल्या. "घराचं मले इचारू नका."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्या स्ट्रायकर रुमालात गुंडाळत आणि पुन्हा सोडत बसल्या. मला वाटलं त्यांना लागलं असेल. लागलंच होतं. शेवटी म्हणाल्या, "बोर्ड खराब हाय असं सांगता आलं असतं. मेजवानी बुडली असती त्याची." मग खिडकीबाहेर कपाशीच्या वावरांकडे पाहत म्हणाल्या, "पन बोर्डानं काय केलं?"

असा त्यांचा शब्द. त्यामुळे त्याच शब्दाला त्यांनी स्वतः सुरुंग लावला तेव्हा सगळं गाव चकित झालं.

वैशाखातली सकाळ होती. माझ्याकडे कुरडया घालायच्या होत्या आणि चीक ढवळायला दणकट हात हवा म्हणून मी बाईंना बोलावलं होतं. चीक शिजला, आम्ही पातेलं घेऊन गच्चीवर गेलो. मी आदल्या दिवशीचे पापड उलटायला बसले. बाई सोऱ्या हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

"लिमयेबाई, हा कोनता बोर्ड?"

पापड आमच्या कॅरमवर वाळत होते. सपाट, गुळगुळीत, कडेला पट्ट्या असल्यामुळे वाऱ्यानं उडायचीही भीती नाही. मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. मी सांगितलं, "आपण आणलेलाच."

बाईंनी मान वर केली. पलीकडच्या गच्चीवर डॉक्टरीणबाईंच्या सांडग्यांखाली कॅरम. त्यापलीकडे, पोस्टमास्तरांकडे, कॅरमवर मिरच्या. बाई एकेका गच्चीकडे बोट करत म्हणत होत्या, "तो मी पाह्यलेला. तोबी मी पाह्यलेला." सोऱ्या त्यांनी खाली ठेवला.

"वासंती कुठी हाय? बोलवा तिले."

वासंती आली. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "काहून वं, खेळत काहून नाही तू?"

वासंती माझ्याकडे बघू लागली.

"आईकडे पाहू नको. मले सांग."

"तो फार पळतो बाई," वासंती म्हणाली. "मी हळू मारलं तरी स्ट्रायकर बाहेर उडतो. आणि पलीकडे हात पुरत नाही. बाबा आणि मी खेळलो तर बाबाच जिंकतात. मग बाबांनापण कंटाळा आला."

"अन् तो कमळवाला? तो पाह्यजे होता तुले?"

"हो."

बाईंनी पापड बाजूला करायला लावले, बोर्ड पुसला आणि तिथेच, उन्हात, वासंतीला खेळायला बसवलं. स्वतः खेळल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. तिची बोटं, तिचा खांदा, सोंगटी चुकल्यावरचं तिचं तोंड. मी आजवर त्यांना बोर्डाकडे असं बघताना पाहिलं होतं. माणसाकडे असं बघताना पहिल्यांदाच पाहत होते. चीक थिजला. त्या दिवशी कुरडया झाल्याच नाहीत.

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "मी माह्यासाठी बोर्ड घेऊन राहिली होती. पैसे लोकायचे."

मग सुट्टीभर त्या घरोघर हिंडल्या. ज्यांना ज्यांना बोर्ड निवडून दिला होता त्यांच्याकडे. डोक्यावर पदर, पायात चपला, हातात छत्री, भर उन्हात. "बोर्ड कुठी हाय?" कुणाकडे पलंगाखाली, कुणाकडे कपाटामागे. एका घरात तान्ह्या बाळाला न्हाऊ घालून त्यावर निजवत. पाच-सहा घरी मी बरोबर होते. लोक ओशाळून म्हणायचे, "बोर्ड उत्तम आहे हो बाई, आम्हालाच येत नाही." ते ऐकलं की बाई भडकायच्या. "तुमाले येत नाही असं काहून म्हनता? त्याले तुमच्याशी खेळता येत नाही, असं म्हना!"

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी त्या शंकरलालशेटच्या दुकानात गेल्या. वह्या-दप्तरांच्या खरेदीची गर्दी होती. शेटजी उठू लागले तर बाईंनी हातानंच बसवलं आणि उभ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"शेटजी, मी चुकली. तुमचे मुंबईवाले बोर्ड मी हसून काढले. लाकूड खराब होतं, ते मी आजबी म्हनतो. पन माप बरोबर होतं अन् चाल बरोबर होती. घरात लेकरं खेळतेत, बाया खेळतेत. त्याइले क्लबचा बोर्ड काय कामाचा?"

शेटजींचं तोंड उघडंच राहिलं. गिऱ्हाइकांत कुजबुज झाली. एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे बाई, आम्ही घेतला तो वाया गेला म्हणायचा?"

"वाया काहून जाते? पोरगं मोठं झालं का खेळल. तवर पापड टाका," बाई म्हणाल्या आणि स्वतःच इतक्या जोरानं हसल्या की तो गृहस्थही हसला.

पातूरला बाईंच्या ओळखीचा एक मिस्त्री होता, गफूरभाई. देवळाच्या दारांपासून बैलगाडीपर्यंत सगळं करणारा. बाई दोन-तीनदा पातूरला जाऊन आल्या. मुंबईच्या बोर्डाचं माप, आपल्याकडच्या उन्हात न वाकणारी जाड फळी, पट्ट्या सागाच्या. रोगण एक हात कमी, म्हणजे सोंगटी पळणार नाही, चालेल. पहिला नमुना त्यांनी आमच्या घरी आणला आणि वासंतीपुढे टाकला. वासंतीनं पहिल्याच फटक्याला एक सोंगटी कोपऱ्यातल्या भोकात घातली आणि घाबरून आमच्याकडे पाहिलं, जणू तिच्या हातून काहीतरी फुटलं.

"माझं कमळ?" तिनं थोड्या वेळानं विचारलं.

पुढच्या बोर्डांवर बारीकसं कमळ आलं. बाई म्हणाल्या, "चित्रानं खेळ खराब होत नाही, मीच तोंड वाकडं केलं होतं."

गफूरभाईंचे बोर्ड दुकानात लागले तेव्हा शेटजींना धाकधूक होती. बाईंनी दुकानाच्या पायरीवर शाळेच्या चार मुली बसवून डाव मांडून दिला. लोक थांबायचे, बघायचे आणि हटकून विचारायचे, "पण बाई, तुम्ही कोणत्यावर खेळता?"

"मी मोठ्यावर खेळतो. तुमी हा घ्या."

"तुम्ही मोठ्यावर खेळता तर आम्हाला—"

"माह्याकडे काहून पाहाता? आपल्या घरातल्याइकडे पाहा!"

काहींनी तरीही मोठाच नेला. अभिमान सुटत नाही माणसाचा. पण लहान बोर्ड जाऊ लागले, आधी एकेक, मग भराभर, आणि दिवाळीला तर अकोल्याच्या एका दुकानदारानं गफूरभाईंशी परस्पर बोलणी केली.

क्लबात मात्र वादळ झालं. त्या रविवारी बाईंनी मलाही ओढून नेलं होतं. वकीलसाहेब क्लबाचे चिटणीस. फार सभ्य भाषेत ते म्हणाले, "इंगळेबाई, आपल्यासारख्या जाणकारांनी खेळाची पातळी वर न्यायची असते. तुम्ही ती खाली आणताय. लोक आपल्याकडे पाहून घेतात. आपण त्यांना चांगलं तेच सांगायला नको?"

"साहेब, तुमच्या घरी बोर्ड हाय ना?"

"अर्थातच. तुम्हीच पाहिलेला."

"तुमच्या बाईसाहेब खेळतेत?"

वकीलसाहेब म्हणाले, "तिला आवड नाही."

"इचारलं का कधी?" बाई म्हणाल्या. मग स्ट्रायकरला पावडर लावत, त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "गावात कोनी खेळलंच नाही तं उद्या तुमचा सामना पाहाले येईल कोन? आपनच एकमेकायले टाळ्या वाजवत बसू."

त्या दिवशी त्यांनी वकीलसाहेबांना एकही सोंगटी घेऊ दिली नाही. पातळी खाली आल्याची शंका कोणाला राहू नये, एवढ्यासाठीच बहुधा. महिन्याभरानं वकीलसाहेबांचा गडी शेटजींच्या दुकानातून एक लहान बोर्ड खांद्यावर घेऊन जाताना मला दिसला. वर गोणपाट टाकलेलं होतं. खालून सागाची पट्टी दिसत होती.

पुढे ह्यांची बदली अकोल्याला झाली. बाईंची भेट मग क्वचितच होई. ऐकू यायचं: भातकुलीच्या मुलींच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका झाल्या, तिथे तालमीसारखा रोज संध्याकाळी कॅरम चालतो, मुलींच्या आयाही येऊन बसतात.

साठचं दशक सरत आलं होतं. मी वासंतीला नागपूरच्या गाडीत बसवून द्यायला अकोला स्टेशनवर गेले होते. ती गाडी गेली, मी परत निघाले, तर पलीकडच्या फलाटावर पॅसेंजर उभी आणि एका डब्यासमोर दहा-बारा मुलींचं कोंडाळं. पांढरी पोलकी, निळे परकर. मधोमध ट्रंकेवर ठेवलेला लहान कॅरम. आंतरशालेय सामने त्या दिवशी अकोल्यात होते, ते आटोपून ही मंडळी चालली होती; पण सामन्यांनी त्यांचं पोट भरलेलं दिसत नव्हतं. बाई उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ. हात मागे बांधलेले.

मी पूल चढून पलीकडे उतरेपर्यंत गार्डाची शिट्टी झाली होती. गार्ड स्वतः डब्यापाशी आला होता आणि घड्याळ दाखवत होता.

"बाई, गाडी सुटली."

"सुटली कुठी? उभी हाय," बाई म्हणाल्या. "जरा थांबा जी. पोरगी राणी घेऊन राहिली."

गार्ड थांबला. कशाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. एक बारकीशी, तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची मुलगी ओठ दाताखाली धरून नेम धरत होती. तिनं फटका मारला आणि राणी गेली. मुलींनी असा काही गिल्ला केला की हमाल वळून पाहू लागले. पण राणीच्या मागून घ्यायची सोंगटी अजून बाकी होती. मुलीनं बाईंकडे पाहिलं, बाईंनी गार्डाकडे, गार्डानं हिरवं निशाण उचललं.

"उचला!" बाई म्हणाल्या. "सोंगटी हालली नाही पाह्यजे."

चार मुलींनी चार कोपरे धरले. काठोकाठ भरलेली परात न्यावी तसा तो बोर्ड सपाट धरून त्या पावलापावलानं डब्यात चढल्या. ट्रंक मागून गेली, बाकीच्या मुली गेल्या. गाडी हलायला लागली तेव्हा बाई दांडीला धरून शेवटच्या चढल्या. मी धावत डब्यापाशी आले आणि हाक मारली, "इंगळेबाई!" आवाज चाकांत गेला असावा. मी हात उंच करून हलवला. त्यांची माझ्याकडे पाठ होती. गाडी फलाटाबाहेर पडेपर्यंत दारातून दिसत होतं: त्या कमरेत वाकून, चष्मा नाकावर सरकवून, सोंगट्या हलल्या का ते बघत होत्या.